जावळी पोरं, स्टुटगार्ट आणि नारायणगाव

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. दहा हजार कुशल माणसं पाठवायची. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर. तेव्हापासून मला पोरांचे मेसेज येतात, "दादा, कसं जायचं?" जायचं कसं ते सांगणारे पुष्कळ आहेत. गेल्यावर घर कसं बसतं, तेही कडेवर दोन लेकरं असताना, यावर कोणी बोलत नाही. म्हणून लिहितोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण त्याच राज्यात, स्टुटगार्टजवळ नर्स आहे. या करारातून गेली नाही, आधीच जर्मन भाषेची परीक्षा देऊन गेली. नाणेघाटाच्या तोंडाशी असलेल्या घाटघरातली मुलगी. तिची जुळी पोरं (आमच्याकडे जावळी म्हणतात) आठ महिने आईजवळ गावीच होती. दोन वर्षांची झाल्यावर दाजी त्यांना घेऊन गेले.

पहिला धक्का स्वयंपाकघराचा. भाड्याचं घर मिळालं, पण किचनच्या नावाखाली नुसती रिकामी खोली. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. तिकडे बऱ्याचदा आधीचा भाडेकरू हे सगळं उचकटून सोबत घेऊन जातो म्हणे. बारा दिवस बाथरूमच्या बेसिनमध्ये बाटल्या धुतल्या आणि जमिनीवर इलेक्ट्रिक शेगडी ठेवून वरणभात शिजवला. आई फोनवर म्हणाली, "मंग बरंय की, चूल खालीच, आपल्यावानी!"

दुसरी गोष्ट नोंदणीची. नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत तिथल्या नगरपालिकेत नाव नोंदवावंच लागतं, पोरांचंसुद्धा. त्या कागदावर पुढचं सगळं चालतं. काही दिवसांनी पोरांच्या नावाने दोन वेगळी पाकिटं आली, आत प्रत्येकाचा कर-क्रमांक. चड्डी नीट घालता येत नाही आणि करखात्यात नाव! पण त्याच नोंदीवर दर पोरामागे महिन्याला सरकारी बालभत्ता सुरू झाला. 2025 मध्ये तो 255 युरो होता.

वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क तिकडे ऑगस्ट 2013 पासून आहे. हक्क आहे, जागा मात्र कमी आहेत. बहिणीला सहा महिने थांबून एकच जागा मिळाली. जुळ्यांपैकी एकाला! आता आई म्हणून तुम्ही कोणाला पाठवाल? तिने जरा अशक्त असलेल्याला पाठवलं, का तर तिथं दुपारचं गरम जेवण मिळतं. दुसरा दारात उभा राहून भावाच्या नावाने रडायचा. दाजींनी नोकरी शोधणं थांबवलं आणि त्याला सांभाळलं. अकरा आठवड्यांनी दुसरी जागा निघाली.

पाळणाघरात घेण्याआधी गोवराची लस घेतल्याचा पुरावा मागितला. मार्च 2020 पासून तिकडे तो कायदाच आहे. बहिणीने पिशवीतून आपलं माता-बाल संरक्षण कार्ड काढलं. कडा फाटलेलं, हळदीचा डाग पडलेलं. त्यावर आपल्या नर्सताईंनी बॉलपेनने टाकलेल्या तारखा. डॉक्टरीणबाईंनी एकेक ओळ वाचली, त्यांच्या पिवळ्या वहीत उतरवली आणि म्हणाल्या, फार नीट ठेवलंय. पावसाळ्यात निसरड्या वाटेने वाड्यावस्त्यांवर फिरणाऱ्या त्या ताईंना मी हे मुद्दाम जाऊन सांगितलं. त्या हसल्या फक्त.

आता वाईट बाजू. रात्री दहानंतर तिकडे आवाज चालत नाही. एक पोर उठलं की दुसरं उठतं, आणि खालच्या मजल्यावरून दारावर चिठ्ठी लागते. घाटघरला पोर रात्री रडलं तर शेजारून तीन बाया विचारायला येतात, नजर काढतात, कोणी ओवा देतं. आईला बोलवावं म्हटलं तर भेटीच्या व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच. आई गेली, पोरांना तेल चोळलं, गोधडी टाकून आली. विमानतळावर पोरांनी तिचा पदर सोडला नाही. बहीण म्हणते, "दादा, इथं कागदावर पोरं चौघांना माहीत आहेत, पण धरायला कोणी नाही."

हे तिचं वाक्य डोक्यात असतानाच दुसरं एक घर बघितलं. तेही एका अर्थी परदेशीच, फक्त पासपोर्ट लागत नाही.

जुन्नरकरांना सांगायला नको, दिवाळीच्या सुमारास भात निघालं की आपल्या पश्चिम पट्ट्यातली घरंच्या घरं खाली उतरतात. नारायणगावच्या मजूर बाजारात उभी राहतात. टोमॅटो, कांदा, द्राक्ष, ऊस, जे मिळेल ते. पुन्हा पावसाच्या तोंडाला आवणीसाठी वर येतात. आमच्या शेजारच्या वाडीतली एक बाई गेल्या हंगामात अशीच गेली. तिचीही जावळी पोरं, दीड वर्षाची. पन्नासेक किलोमीटरवर गेली फक्त.

तिचं नवं घर म्हणजे शेताच्या बांधावर कागद टाकलेलं खोपट. एक पोर झोळीत, एक पाठीला. झोळी बांधलीय बाभळीला आणि पलीकडे वीस पावलांवर ऊस. उसात काय असतं ते आपल्या तालुक्यात कुणाला शिकवायला हवं? बिबट्याच्या हल्ल्यात गेलेल्यांत लहान लेकरं किती, हे मी बातम्या लिहून लिहून जाणतो. ती बाई खुरपताना दर दोन मिनिटांनी मान वळवून झोळीकडे बघत होती.

तिथल्या अंगणवाडीत विचारलं का, म्हटलं. "गेले होते, भाऊ. म्हणल्या तुमचं नाव गावाकडं हाय, तिकडंच खाऊ मिळंल." पोरांचं कार्ड? "घरी पेटीत." म्हणजे गोवराचा दुसरा डोसही राहिला असणार, तो सोळा ते चोवीस महिन्यांत द्यायचा असतो. त्या अंगणवाडीताईंनाही मी दोष देणार नाही. त्यांना मिळणारं धान्य त्यांच्या पटावरच्या मुलांपुरतं.

नियम नाहीत असं नाही. स्थलांतरित बाया-मुलांचा माग ठेवायला राज्याच्या महिला व बालविकास खात्याने ॲप काढलंय. रोजगार हमीच्या कायद्यात तर लिहून ठेवलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच पोरं आली तर ती सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. पण टोमॅटोचं शेत म्हणजे रोजगार हमी नव्हे. बागायतदार म्हणतो, मी मजूर बोलावले, पोरं नाही. त्याचंही मार्केट पडलेलं असतं, मान्य. तरी पोरं येणारच. दीड वर्षाचं लेकरू गावी कुणाजवळ ठेवणार, म्हातारीही कामाला खालीच आलेली असते.

म्हणून एक मागणी जाहीर मांडतो, आमदारसाहेब आणि पंचायत समितीने वाचावी. दिवाळी ते मे, ज्या गावांत मजूर उतरतात तिथल्या अंगणवाडीला जादा धान्य आणि एक जादा मदतनीस द्या. पोरगं कुठल्याही गावचं असो, कार्ड असो नसो, त्याला पटावर घ्या. बागायतदारांनी पाच-सहा शेतांत मिळून एक पत्र्याची शेड आणि जाळीचं कुंपण करावं. मजुरांतलीच एखादी म्हातारी पोरं सांभाळेल, तिला एक हजेरी द्या. आणि घाटघर पट्ट्यातल्या आयाबायांनो, खाली उतरताना भांड्यांच्या गाठोड्यात पोरांचं ते कार्डही घाला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून.

कोणाच्या शेतावर अशी सोय आधीच असेल तर कळवा. मी येऊन बघतो आणि फोटोसकट छापतो.