मार्कंड्याचे वाळवंट

मुंबईचा समुद्र पाहायचा तर आधी गाडीभाड्याचा हिशेब करावा लागतो. आम्हा चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कष्टकरी माणसांची चौपाटी म्हणजे चामोर्शीजवळचे मार्कंडा. दक्षिणेकडे वाहत येणारी वैनगंगा येथे उत्तरेकडे वळते, आणि उन्हाळ्यात पात्र आटले की वाळवंट दूरवर उघडे पडते.

महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते. आम्ही जत्रेला जात नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली, तेव्हाच आमच्या घरातले नवस सुटले. म्हणून सुट्टीत मुलांनी मार्कंड्याचा हट्ट धरला तेव्हा आजी कडाडली, "देव सोडले ना आपण? मग कायले जाता तिकडं?" तिचा राग खोटा नव्हे. देवळाबाहेर ताटकळण्याचे दिवस तिने पाहिलेले आहेत.

पण नदी देवळाच्या मालकीची थोडीच आहे! १९२७ साली बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले ते याच हक्कासाठी. शिदोरी बांधून आम्ही सकाळीच गेलो. दुपारी वाळू पाय भाजते. मुले काठाच्या उथळ पाण्यात मनसोक्त खेळली. डोहाकडे मात्र जाऊ दिले नाही.

देवळेही पाहिली, हात न जोडता. सुमारे हजार वर्षांपूर्वीचे हे काम. १८७० च्या दशकात कनिंगहॅम साहेबांनी त्याचे वर्णन लिहून ठेवले. मुलीने विचारले, "हे कोणी कोरलं?" पाथरवटांनी, आम्ही सांगितले. मग ती बराच वेळ छिन्नीच्या खुणा शोधत बसली.

आजी आली नाही ती नाहीच. तिच्यासाठी नदीकाठचे डांगर नेले, तेवढे तिने खाल्ले.