वेळासची कासवं आणि नेरडीगोंड्याचे आम्ही

नेरडीगोंड्याला समुद्र नाही. महामार्ग ४४ आहे, कापसाची शेतं आहेत आणि पावसाळ्यात जिथे गाड्यांची रांग लागते तो कुंतालाचा धबधबा आहे. कुंतालाचं पाणी कडेम नदीचं. कडेम गोदावरीला मिळते, गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपलं पाणी पूर्वेच्या समुद्राचं. माणसं मात्र पैनगंगेपलीकडची. आमचे आजोबा यवतमाळ जिल्ह्यातून इथे आले. माझी पुतणी इथल्या शाळेत तेलुगूतून शिकते, घरी मराठी बोलते आणि "मूळ गाव कुठलं?" असं कुणी विचारलं की माझ्याकडे बघते.

तिचा एक मामा इंग्लंडमध्ये नॉर्विचला असतो. हिवाळ्यात तो सुट्टीच्या दिवशी हॉर्सीच्या किनाऱ्यावर स्वयंसेवक म्हणून उभा राहतो. तिथे सील पिल्लं घालायला वाळूवर येतात. लोक कुत्री घेऊन फिरायला येतात, फोटोसाठी जवळ जातात, आणि घाबरलेली आई पिल्लू सोडून पाण्यात जाऊ शकते. म्हणून दोर बांधायचा आणि येणाऱ्याला गोडीत समजावून मागे ठेवायचं. त्याचे फोटो पाहून पुतणी म्हणाली, "आत्या, आपल्याकडे असं काही नाही का?"

सील आपल्याकडे नाहीत. पण कोकणात कासवं आहेत. तेव्हा मार्चमध्ये आदिलाबादहून नंदीग्राम एक्सप्रेसने कल्याण, मग पनवेल, तिथून कोकण रेल्वेने माणगाव आणि पुढे एसटीने मंडणगड करत आम्ही वेळासला पोहोचलो. अंग आंबून गेलं होतं. पण घरगुती मुक्कामाच्या काकूंनी गरम घावन आणि नारळाचा रस पुढे ठेवला आणि पुतणीची कुरकुर थांबली.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, नाना फडणवीसांचं मूळ गाव. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाची पाहणी करत इकडे आले होते. तेव्हा ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालतात आणि ती अंडी चोरीला जातात, हे त्यांच्या ध्यानात आलं. पहिल्याच हंगामात ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्लं समुद्रात गेली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांत राहतात, जेवतात, आणि पैसा गावात राहतो. महोत्सवाने किनाऱ्यावर गर्दी होते अशी तक्रार मी ऐकली आहे. गर्दी होते हे खरं, पण अंड्यापेक्षा पिल्लाने गावाला जास्त मिळवून दिलं म्हणूनच अंडी राहिली, असं मला वाटतं.

किनारा राखणाऱ्यांना इकडे कासवमित्र म्हणतात. हंगामात रात्री-पहाटे ते भरतीच्या रेषेने चालत माग शोधतात. मादी फूट-दीड फूट खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि त्याच रात्री परत जाते. सीलची आई निदान तीनेक आठवडे पिल्लाला पाजते. ही वळूनही बघत नाही. मागे उरतो तो वाळूवरचा ट्रॅक्टरच्या चाकासारखा पट्टा. कुत्री-कोल्हे पोहोचण्याआधी कासवमित्र घरटं शोधतात, अंडी अलगद काढतात आणि जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. प्रत्येक खड्ड्यावर पाटी असते, त्यावर तारीख आणि अंड्यांचा आकडा. पुढचे पन्नास-पंचावन्न दिवस वाळूची ऊब काम करते. त्या उबेवरच पिल्लू नर की मादी हे ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त.

पुतणीला माग हा शब्द नवा नव्हता. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जॉनी नावाचा वाघ किनवटकडून आपल्या जिल्ह्यात आला आणि महामार्ग ४४ ओलांडून उटनूरकडे गेला. तेव्हा वनखात्याची माणसं पंजे शोधत फिरत होती आणि आमच्या घरी दुसरा विषय नव्हता.

संध्याकाळी टोपली उचलली, तर खाली नुसती वाळू. मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाचा चेहरा उतरला. "आम्ही वेळ देऊ शकत नाही, ते त्यांचं ते ठरवतात," कासवमित्र दादा म्हणाला. सकाळी सातला मात्र टोपलीखाली काळपट पिल्लांची वळवळ होती, तळहाताच्या निम्म्या आकाराची. दोन्ही बाजूंना दोर, मध्ये वाट मोकळी. पिल्लं पाण्यापासून थोडी अलीकडेच सोडतात, कारण ती वाळू त्यांनी स्वतः चालायची असते. लाट यायची, पिल्लू उलटं व्हायचं, पाय मारून सरळ व्हायचं, पुन्हा निघायचं. एक पिल्लू भरकटून पुतणीच्या पायाशी आलं. ती वाकली. "उचलू नकोस, पाय पण हलवू नकोस," दादा शांतपणे म्हणाला. ती श्वास रोखून उभी राहिली. पिल्लाने वळसा घेतला आणि ते गेलं. मोठं होतं ते हजारात एखादंच, हे त्याने नंतर सांगितलं. ते आधी सांगितलं असतं तर ती तिथेच रडली असती.

मादी जिथे जन्मली त्याच किनाऱ्याकडे अंडी घालायला परतते, असंही तो म्हणाला. त्यावर पुतणीने विचारलं, "नाही परतली तर?"

मग त्याने गुहागरची गोष्ट सांगितली. वेळासच्या दक्षिणेला, याच जिल्ह्यात. २७ जानेवारी २०२५ च्या रात्री तिथे अंडी घालणाऱ्या एका मादीच्या परावर धातूची खूण दिसली: ०३२३३. ती खूण ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर २०२१ मध्ये लावलेली होती. ही मादी बंगालच्या उपसागरातून श्रीलंकेला वळसा घालून, अंदाजे ३,५०० किलोमीटरवरून कोकणात आली होती. त्याआधी २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह यंत्र बसवलेली बागेश्री उलटी, श्रीलंकेकडून पूर्वेच्या समुद्रात गेली होती. पूर्वेची आणि पश्चिमेची कासवं वेगळी, हा समज आता अभ्यासकांना पुन्हा तपासावा लागतो आहे.

"म्हणजे ती आपल्या समुद्रातून आली," पुतणी म्हणाली. आपल्या म्हणजे कुंतालाच्या. दादाला कुंताला माहीत नव्हतं. तिने वाळूवर बोटाने कडेम आणि गोदावरी काढून दाखवली, मधे एक तेलुगू शब्दही घुसला, ताबेलू. त्याने तो दोनदा म्हणून पाहिला आणि मग वही उघडून त्या सकाळचा आकडा लिहिला, ४१.

जायचं असेल तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ बरा. महोत्सवाच्या तारखा घरटी मोजूनच ठरतात, त्यामुळे आधी चौकशी करा आणि दोन रात्री हातात ठेवा. एका संध्याकाळी टोपली रिकामी निघू शकते.