पहिलं विरजण

भिलाईच्या नेहरू नगरातल्या एका मराठी घरी अभियांत्रिकी शिकणारा मुलगा ८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या किटवर असेंबलर लिहीत होता. शब्दांतल्या आज्ञांचे यंत्राचे आकडे करणारा हा दुभाषी; पण पहिला दुभाषी हाताने आकड्यांतच लिहावा लागतो. ‘सी३’ म्हणजे उडी. तिच्यापुढे पत्त्याचा उत्तरार्ध आधी द्यायचा. त्याने पूर्वार्ध दिला आणि यंत्र रात्रभर भलतीकडेच भरकटले! चूक सापडली तोच वीज गेली. किटमधले सारे पुसले. उरली फक्त वही.

“म्हणजे दह्याला आधी विरजण हवंच!” आई म्हणाली. “मग अगदी सुरुवातीला ते लावलं कुणी?”

“केंब्रिजच्या डेव्हिड व्हीलरनी, १९४९ साली. अवघ्या ३१ आज्ञांत!”

पहाटे वीज आली. आईने कंदील विझवला. त्याने वही उघडली.