अण्णांचा राजपुत्र

वाचकहो, बोंडअळी आणि खताच्या मात्रा सोडून आज मी संगणकावरच्या एका खेळाविषयी लिहितो आहे, हे पाहून तुम्ही हसाल. हसा. पण कळंबच्या आमच्या घरात या खेळापायी आठ दिवस दुसरे काही सुचले नाही.

२००४ साली मी एमएस-सीआयटी केले आणि हप्त्यावर संगणक घेतला. जोडून देणाऱ्याने त्यात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ आपणहून टाकून दिला. तेव्हा तसेच चाले. तळघरात कैद झालेल्या राजपुत्राने साठ मिनिटांत बारा टप्पे ओलांडून राजकन्येला सोडवायचे. पायाखालची फरशी कोसळते, जमिनीतून अणकुचीदार सुळे वर येतात. भारनियमन संपून वीज आली की मुलगा खेळायला बसे आणि माझे वडील, अण्णा, मागे बसून पाहत. ज्वारी-हरभऱ्याखेरीज कशाचा हिशेब न ठेवलेला माणूस, पण सुळे कुठे आहेत ते त्यांना पाठ होते. “आरं थांब! फुडं सुळं हायेत!” असे ते ओरडत.

आता अण्णांनी पंच्याऐंशी ओलांडली आहे. माणसे ओळखत नाहीत. मला ‘सायेब’ म्हणतात. घरी कुणी अधिकारी आला आहे असे त्यांना वाटते. मुलगा पुण्याला असतो. एकदा फोनवर तो म्हणाला, “बाबा, आबांना तो खेळ दाखवून बघा ना.”

जुना संगणक बंद पडून वर्षे लोटली होती. त्यातली हार्डडिस्क काढली. तिची पिन लॅपटॉपला बसेना, म्हणून लातूरहून जोडणीची केबल आणली. नशिबाने डिस्क बोलली. (तुमचेही जुने फोटो अशा डिस्कवर असतील तर आजच दुसरीकडे उतरवून घ्या. बियाणे फार वर्षे कणगीत राहिले तर उगवत नाही, तशीच गत.) हा खेळ जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने १९८९ साली केला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून राजपुत्र काढला. त्याच्याही मूळ फ्लॉप्या हरवल्या होत्या. २०१२ साली त्या सापडल्या, त्याही त्याच्या वडिलांना!

खेळ हाती आला, पण लॅपटॉप तो चालवीना. कारण साधे आहे. आमची प्रत १६ बिटांच्या डॉससाठी लिहिलेली, आणि विंडोज ११ येते फक्त ६४ बिटांत. बैलाचे औत ट्रॅक्टरला जुंपायला जावे, तसला प्रकार. यावर डॉसबॉक्स नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. तो नव्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाचे सोंग उभे करतो आणि खेळाला वाटते, आपण आपल्याच घरी आहोत. त्यात आधी ‘माउंट’ हा हुकूम देऊन खेळाचे फोल्डर दाखवायचे, मग खेळाचे नाव टाइप करायचे. मुलगा रोज रात्री फोनवरून एकेक अक्षर सांगे. माझी एक मोकळी जागा सुटत होती, ती सापडायला तीन रात्री गेल्या. इतका वेळ तो माझ्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता. खेळ सुरू झाला तेव्हा राजपुत्र अडखळत चालत होता. कंट्रोल आणि एफ१२ दाबत गेलो, तसा वेग आला. फार पळू लागला तर एफ११.

रविवारी संध्याकाळी अण्णांना शेजारी बसवले. फोन चालूच होता. मी दोनदा खड्ड्यात पडलो. अण्णा भिंतीकडे पाहत होते. तिसऱ्यांदा सुळ्यांपाशी आलो आणि माझ्या मनगटावर त्यांचा हात पडला.

“थांब. फुडं सुळं हायेत.”

मी थांबलो. बोटे हलेनात. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिले. “पोरगं कुठं हाय?”

“आबा, हितंच हाय,” फोनमधून आवाज आला.

“मग तू खेळ की. ह्या सायबाला जमत न्हाई.”