दगड होता तसा

पृष्ठवंशी प्राण्यांच्या माझ्या नोंदवहीत मासे, उभयचर, सरपटणारे, पक्षी आणि सस्तन असे पाच रकाने आहेत. त्यांतले पहिले तीन माझे म्हणवत नाहीत. भुशी धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एका कातकरी मावशींनी ते माझ्याकडून भरून घेतले.

पाहणीचं काम मी जैसलमेरच्या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानात शिकले होते. रात्री कोल्हा कुठून गेला, सांडा कुठल्या बिळात शिरला, हे तिथे पहाटेच्या वाळूवर दिसतं. भुशीला जूनच्या पावसात ठसा उमटेपर्यंत पुसला जातो. मी चालायची ठरलेली वाट आखून घेतली होती, पण त्या वाटेवर मला काहीच दिसत नव्हतं.

मावशींनी मला आधी ऐकायला बसवलं. ओढ्यावरचा आवाज कुठला आणि भातखाचरातला कुठला, हे त्या अंधारात बोटाने दाखवायच्या. हुमायून अब्दुलअलींचं नाव मिळालेला बेडूक 1955 मध्ये शास्त्राच्या दप्तरी लागला. त्याची अंडी पाण्यात नसतात. पाण्यावर झुकलेल्या पानांना नाहीतर ओल्या खडकाला चिकटलेली असतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. कुठल्या खडकाच्या कुठल्या बाजूला बघायचं, हे मावशींना ठाऊक होतं. वलगणीचे मासे पाण्याविरुद्ध चढू लागले की तर त्या मला हातातलं काम टाकायलाच लावायच्या. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांची वर्णनं 1839 मध्ये केली, तेव्हा मळ्या, खुद्री, कोळस अशी इथलीच नावं शास्त्रीय नावांत घेतली. ती नावं सांगणारे मासेमार कोण होते, हे कुणी लिहून ठेवलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

देवगांडूळही त्यांनीच दाखवलं. ते बेडकांच्या गणगोतातलं, पाय नसलेलं, मातीत राहणारं. त्याला कणा असतो, दात असतात. काही जण साप समजून ते ठेचतात. त्याची एक जात टेलर यांनी 1960 मध्ये जगापुढे आणली ती इथून हाकेच्या अंतरावरच्या खंडाळ्यातली. देवगांडुळाची मादी ओल्या मातीत अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते. मावशींनी धोंडा अलगद कलता केला, मला बघू दिलं आणि तसाच पुन्हा बसवला. म्हणाल्या, “पोरी, याच्याखाली कुणाचं तरी बिऱ्हाड हाय. धोंडा उचललास तर होता तसा ठेव.”

त्यानंतर मी बऱ्याच ठिकाणी पाहण्या केल्या. सोबतच्या मुलांना पहिला धडा हाच दिला. मावशींना मी मजुरी दिली, पुढे अहवालाची प्रतही नेऊन दिली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी माशांची चित्रं बघून मी वाचून दाखवलेली नावं दोन ठिकाणी दुरुस्त केली. आता त्या नाहीत. अहवालात त्यांचं नाव आहे. छापील लेखात ते नको, असं त्या म्हणाल्या होत्या, म्हणून इथे लिहिलेलं नाही.

पावसाळ्यात भुशीला याल तेव्हा धरणावरच्या ओढ्यांत दगड रचून डोह करू नका. एखादा हललाच, तर ज्या अंगावर होता त्याच अंगावर पुन्हा ठेवा.