आखूड नळीचा झिरो

बंदुकीची गोळी सरळ जाते, ही नव्या भरतीच्या पोरांच्या मनातील समजूत काढून टाकणे हे पलटणीतील उस्तादांचे आणि आम्हा आर्मरर मंडळींचे पहिले कर्तव्य असे. नळीतून सुटल्या क्षणापासून गोळी खाली पडू लागते. परंतु नळी दृष्टिरेषेच्या खाली असते आणि तिचे तोंड त्या रेषेच्या मानाने किंचित वर वळलेले असते, म्हणून गोळी प्रथम खालून चढत जाऊन दृष्टिरेषेला छेदते, काही अंतर तिच्या वरून चालते, आणि गुरुत्वाकर्षणाचा अंमल वाढत गेला की पुन्हा तिला छेदून कायमची खाली उतरते. हे छेद कोठे पडावेत याची तजवीज करणे म्हणजे बंदूक झिरो करणे. स्क्रू फिरवण्याचे काम कोणीही कारागीर करील. अंतर कोणते निवडावे याला मात्र मुलखाची ओळख लागते.

जुन्या .३०३ शॉर्ट मॅगझीन ली-एनफील्डच्या बॅकसाइटवर दोन हजार यार्डांपर्यंतचे आकडे कोरलेले असत. तिच्या नावातला ‘शॉर्ट’ शब्द तिच्याहून लांब असलेल्या पूर्वजांच्या मानाने. नळी चांगली सव्वापंचवीस इंचांची. डिसेंबर १९६१मध्ये गोवामुक्तीच्या वेळी ५०व्या पॅराशूट ब्रिगेडची दुसरी पॅरा (मराठा) पलटण उत्तरेकडून गोव्यात उतरून फोंड्यास पोहोचली, तेव्हा ती ज्या मुलखातून गेली तो पाहिला म्हणजे त्या दोन हजारांच्या आकड्याचे हसू येते. आमच्या शिरगावातच उभे राहून पाहावे: काजूचे डोंगर, माड-पोफळींची कुळागरे, आणि लोहखनिजाच्या खाणींनी कापून काढलेले टप्पे. खाणीचा उघडा माथा वगळला तर दोनशे मीटरांपर्यंत अखंड नजर पोहोचेल अशी जागा डिचोली तालुक्यात शोधावीच लागते. अशा ठिकाणी लांब नळीपेक्षा आखूड नळी सोयीची, हे झाडीत एकदा बंदूक अडकली की कोणाच्याही ध्यानात येते.

तथापि या सोयीचे मोल गोळीच्या वेगाने चुकते करावे लागते. इन्सास रायफलची नळी ४६४ मिलिमीटरांची, आणि तिच्यातून ५.५६ची गोळी सेकंदास सुमारे ९०० मीटर वेगाने निघते. नळी कापत गेलो की दारू नळीत पुरती जळत नाही, उरलेली तोंडाशी ज्वाळा आणि आवाज होऊन वाया जाते, आणि दर इंचामागे सेकंदास आठ ते पंधरा मीटर, फारच आखूड नळीत त्याहूनही अधिक, वेग घटतो. दहा इंचांच्या नळीत तो आठशेच्या खाली येऊ शकतो. परिणामी पूर्ण नळीतून दोनशे मीटरांवर जी गोळी अदमासे एक वीत आणि वर चार बोटे पडते, ती आखूड नळीतून हातभर पडते.

पोलिसांत नोकरीस असलेला गावातला एक तरुण मध्यंतरी घरी आला होता. म्हणाला, “काका, आम्हाला सांगतात की पंचवीस मीटरवर झिरो केली की तीनशेचं आपोआप होतं. खरं का?” मी म्हटले, “खरं. पण ज्या बंदुकीसाठी ते लिहिलं, तिच्यापुरतं.” तो आकडा पूर्ण नळीच्या आणि उंच साइटच्या बंदुकीचा. साइट नळीहून साडेसहा सेंटिमीटर वर धरली आणि वेग ७८०च्या आसपास घेतला, तर पंचवीसवर झिरो केलेल्या बंदुकीचा दुसरा छेद तीनशेऐवजी साधारण दोनशे चाळीसवर येतो, आणि तोपर्यंत मधल्या अंतरावर गोळी दृष्टिरेषेच्या सुमारे चौदा सेंटिमीटर वरून जाते. शिवाय पंचवीसवर ग्रुपचा, म्हणजे कागदावरच्या गोळ्यांच्या पुंजक्याचा, मध्य काढताना एका सेंटिमीटरची चूक झाली, तर शंभरावर ती चार सेंटिमीटरांची होते. जवळचा कागद नेमबाजाची खुशामत करतो.

तीच बंदूक पन्नास मीटरांवर झिरो केली, तर गोळी शंभरावर सुमारे दोन सेंटिमीटर वर लागते, एकशेतीसच्या आसपास पुन्हा रेषेवर येते आणि दीडशेवर जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर खाली. म्हणजे दीडशे मीटरांपर्यंत शिपायाने काहीएक हिशेब न करता मध्यावर शिस्त घ्यावी. शंभरावर झिरो केल्यास गोळी रेषेच्या वर जवळजवळ जातच नाही, हा त्या पद्धतीचा गुण, आणि काही जाणते लोक तिचाच आग्रह धरतात. पण दोनशेवर ती वीतभर खाली राहते. मला पन्नासच पसंत आहे.

आखूड नळीचा इतिहासातील नामी दाखला म्हणजे १९४४ साली ब्रह्मदेशातल्यासारख्या रानांसाठी निघालेली क्रमांक पाचची ली-एनफील्ड, जंगल कार्बाइन. नळी पावणेएकोणीस इंचांची, वजन सात पौंडांच्या थोडे वर, तोंडाशी ज्वाळा झाकणारे धुराडे. शिपायांना ती आवडली. परंतु आज लावलेला झिरो उद्या जागेवर नसतो, अशी तिची ख्याती झाली. या भटकणाऱ्या झिरोच्या कारणाबद्दल आजही एकमत नाही आणि १९४७मध्ये तिचे उत्पादन थांबले. लाकडी दस्ता पावसात फुगून नळीवर रेटा देतो, हे मात्र त्या घराण्यातील सर्वच बंदुकांबाबत खरे. आणि आमच्या कोकणपट्टीच्या आषाढात काय फुगत नाही?

चांदमारीवर माझा शिरस्ता असा असे. आधी नळीतले तेल कोरड्या कपड्याने पुसून काढायचे, कारण तेलकट नळीतली पहिली गोळी आपल्याच मर्जीने जाते. मग वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवून पाच गोळ्या, घाई न करता. ग्रुप विस्कटलेला असेल तर साइटला हातही लावायचा नाही, कारण तो दोष नेमबाजाच्या श्वासाचा किंवा घोडा ओढण्याचा असतो. ग्रुप जुळला की त्याचा मध्य काढायचा, आणि ज्या बाजूस गोळी चुकली त्याच बाजूस फोरसाइट सरकवायची. गोळी वर गेली असेल तर फोरसाइट वर. नव्या माणसाला हे उलटे वाटते. तो हटकून विरुद्ध दिशेला फिरवतो आणि मग कागदाकडे संशयाने पाहतो.

पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने रचलेल्या ५.५६ बाय ३० मिलिमीटरच्या कार्बाइनच्या अखेरच्या लष्करी चाचण्या डिसेंबर २०२०मध्ये पार पडल्या. वजन सुमारे तीन किलो, परिणामकारक पल्ला शंभर मीटरांहून अधिक, आणि गोळ्या खडकीच्या कारखान्यातील. पल्ल्याचा आकडा रचनाकारांनीच इतका संयमाने सांगितला असताना, तिला तीनशेच्या झिरोचे ओझे कोणी लादू नये. ज्यांच्या हाती अशी आखूड बंदूक सरकारने सोपवली आहे त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की झिरो पन्नासवर करा, नंतर पंचवीस, शंभर आणि दीडशेवर कागद लावून आपल्याच बंदुकीची आणि आपल्याच गोळ्यांची गत प्रत्यक्ष पाहा, मी वर दिलेल्या आकड्यांवर विसंबू नका, आणि पावसाळा सरला की हे सगळे पुन्हा करा.