खाली किती जातो?

जॅक घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, "किती टनाचा?" तीन टनाचा म्हटलं की त्याचा चेहरा खुलतो. अहो, स्विफ्टचं वजन टनाच्या आसपास, आणि एका वेळी आपण उचलतो तिचा एखादा कोपरा, फार तर पुढची बाजू. दोन टनाच्या ट्रॉली जॅकला ते काम काहीच नाही. लोअर केलेल्या गाडीच्या मालकानं विचारायला हवं ते दुसरंच : पूर्ण बसल्यावर हा जॅक खाली किती जातो?

आमच्या नगरला वाहननगरात व्हीआरडीई आहे. गाड्यांच्या कसून चाचण्या घेणारी संस्था. आणि त्याच गावात सावेडीच्या एखाद्या पोराला स्विफ्टची कंपनीनं ठेवलेली जमिनीपासूनची १६३ मिलिमीटरची उंची डोळ्यांत खुपते. स्प्रिंगा बदलून घेतो, नाहीतर सरळ कापून घेतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मी प्रत्येकाला सांगतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की कंपनीच्या मूळ नोंदीला सोडून बदल चालणार नाहीत. पोरं मान डोलावतात. महिन्याभरात गाडी माझ्याकडं येते ती चेंबर घासून. भारतीय रस्ते महासभेच्या मापाचा गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, अंगानं गोलसर असतो. आमच्या कॉलनीतले गतिरोधक कोणत्या मापानं घालतात ते घालणाऱ्यालाच ठाऊक.

असो. गाडी आली, ती उचलायची आहे. साधा ट्रॉली जॅक बसल्यावरही तेरा-चौदा सेंटिमीटर उंच राहतो. पाच-सहा सेंटिमीटर खाली आलेल्या गाडीखाली तो शिरतच नाही, बंपरला टेकून थांबतो. बुटका जॅक साडेसात ते नऊ सेंटिमीटरपर्यंत जातो. पण तोंडाचं माप बघून खूश होऊ नका, त्याच्या मागच्या बाजूचंही बघा. दांडी जिथं बसते तो भाग तोंडापेक्षा बराच उंच असतो. पुढच्या बंपरखालून इंजिनाखालच्या आडव्या तुळईपर्यंत जायचं तर जॅकचा बुटका भाग तेवढा लांब हवा. नाहीतर तोंड पोचायच्या आधीच ढुंगण अडकतं. म्हणून मी दुकानात टेप घेऊन जातो आणि दोन मापं घेतो : गाडीला टेकते त्या वाटीची उंची, आणि वाटीपासून उंचवटा सुरू होतो तिथपर्यंतची लांबी. दुकानदाराला वाटतं गिऱ्हाईक शिंपी आहे.

आता जॅकला चाकं का असतात? बहुतेकांना वाटतं, ढकलत न्यायला. खरं कारण वेगळं. जॅकचा हात सरळ वर जात नाही, तो कमानीत फिरतो. वर चढता चढता वाटी आडवीही सरकते. गाडीचं दुसरं टोक जमिनीला टेकलेलं, ते जागचं हलायचं नाही. मग जॅकनंच हळूहळू गाडीखाली सरकायला हवं. सरकला नाही, तर वाटी घसरते किंवा गाडी ओढली जाते. गुळगुळीत कोब्यावर हे आपोआप होतं, कळतही नाही. आमच्याकडं मात्र खाली मुरूम, नाहीतर शहाबादी फरशी. ती लोखंडी चाकं मुरमात रुततात, फरशीच्या सांध्यात अडकतात, मे महिन्यात डांबरातही बसतात. उंच गाडीला जॅकखाली लाकडी फळी टाकून भागतं. इथं फळीची जाडी टाकली की मिळवलेली उंची गेली. म्हणून मी पाच-सहा मिलिमीटरचा लोखंडी पत्रा ठेवलाय. दांडी मारताना माझी नजर गाडीकडं नसते, त्या चाकांकडं असते. ती सरकत असतील तर पुढं चालू, नाहीतर तिथंच थांबायचं.

मागची बाजू उचलताना हँडब्रेकवर विसंबू नये. बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांना असतो, आणि ती तर हवेत. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. बाजूनं उचलायचं तर दाराखालच्या पत्र्याच्या शिवणीवर, कंपनीनं दोन खाचा केल्यात त्यांच्या मध्येच, आणि वाटीत खाच पाडलेलं रबर ठेवून.

कापलेल्या स्प्रिंगची गाडी उचलली की आणखी एक प्रकार होतो. चाक लोंबायला लागलं की आखूड झालेली स्प्रिंग मोकळी होते, हातानं हलवली तर खुळखुळते. गाडी तशीच धाडकन खाली सोडली तर तिचं टोक बैठकीत बसत नाही, वाकडंच दाबलं जातं. म्हणून उतरवताना जॅकचा व्हॉल्व्ह केसभर फिरवायचा, आणि बाजूला उभं राहून टॉमीनं ते टोक जागेवर ढकलत राहायचं. हात घालायचा नाही. जॅकवरच्या गाडीखाली तर डोकंही नाही. आधी घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, लावायच्या, वजन त्यांच्यावर सोडायचं, मगच आत शिरायचं. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. आतलं सील म्हातारं झालं की तो चहा पिऊन येईपर्यंत दोन बोटं खाली बसलेला असतो. आणि तेल कमी झालं म्हणून ब्रेक ऑइल ओतणाऱ्यांना हात जोडतो : त्यानं ती सीलं फुगून वाया जातात.

बुटका जॅक चांगलाच जड असतो, तो गॅरेजमध्येच राहतो. करंजी घाटात पंक्चर झालं तर डिकीतला स्क्रू जॅकच कामाला येणार, आणि हवा गेलेल्या चाकाची गाडी आणखी खाली बसलेली असते. त्यातून स्क्रू जॅक सगळ्यात खालच्या टप्प्यावरच फिरवायला सगळ्यात जड. अशा गिऱ्हाइकांना मी हातभर लांबीची, एका टोकाला उतार दिलेली फळी करून देतो. पंक्चर चाक हळूच तिच्यावर चढवायचं, तेवढ्या उंचीत जॅक आत जातो आणि फिरतोही. ओली फळी घसरते म्हणून वर जुन्या टायरची पट्टी ठोकतो. पैसे घेत नाही. फक्त एखादा खिळा डोकं वर काढून नाही ना, तेवढं आपलं आपण बघून घ्या. एका डिकीत दुसरी स्टेपनी नसते.